फ्रिजमधली स्टीलची डबी

कोको बटर म्हणजे खायचं लोणी नव्हे, हे आमच्या घरात मला आणि आईला माहीत होतं. बाबांना नव्हतं. त्यातून पुढे जे झालं ते सांगायचं आहे, पण आधी ते घरात आलं कसं, तिथून सुरुवात करायला हवी.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही उरणची भाड्याची खोली सोडून बेलापूरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. बाबा उरणकडे बंदराच्या गोदामात नोकरीला होते, त्यांना खरं तर उरणच सोयीचं होतं. पण मला बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली आणि आईने ठरवलं की जागा बदलायची. नोकरी हे सांगायचं कारण. खरं कारण असं की उरणात सगळ्यांना माझं सगळं माहीत होतं आणि बेलापूरच्या नव्या सोसायटीत कुणाला कुणाचं मागचं काहीच ठाऊक नव्हतं. कुणी लालबागहून आलेलं, कुणी साताऱ्याहून, कुणी राजापूरहून. दाराला नवा रंग, दारावर नवी पाटी, आणि आत काय आहे ते ज्याचं त्याला माहीत. आईला ही वसाहत फार आवडली.

माझं मागचं म्हणजे असं. तेविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे सातव्या महिन्यात मी उरणला आले. आईने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंकाचे लाडू वळले, शेकासाठी शेगडी घासून ठेवली, खोबरेल तेल घाण्यावरून काढून आणलं. दिवस भरायच्या थोडं आधी माझं काहीतरी बिनसलं, बाबांनी जीप करून दवाखान्यात नेलं. रक्त फार गेलं. मी शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं होतं आणि शेजारचा पाळणाही रिकामा होता. आई म्हणाली, "आपलं नव्हतं ते." एवढंच. मुलगा होता की मुलगी, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिले काही दिवस विचारायचं बळ नव्हतं. नंतर विचारायची वेळ निघून गेली असं वाटायला लागलं. आमच्या घरात एखादी गोष्ट चार-आठ दिवस बोलली गेली नाही की तिच्यावर झाकण बसतं.

सासरहून मला न्यायला कुणी आलं नाही. नवरा एकदा आला, बाहेरच्या खोलीत चहा घेतला, माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत बसला आणि गेला. पुढे दोन्हीकडच्या संमतीने घटस्फोट झाला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. डिंकाचे लाडू शेवटी बाबांनी रोज डब्यात नेऊन संपवले.

बेलापूरला आल्यावर वर्षभरात मावशीने स्थळ आणलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, दादरला राहणारी, जिला कुणाच्याही घरात रिकामं बसलेलं माणूस बघवत नाही. मुलगा चौतीस वर्षांचा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याची बायको काविळीने गेली होती, मूलबाळ नव्हतं. मावशी आली ती चपला काढता काढताच बोलायला लागली.

"सगळं बोलणं झालंय. टेन्शन घेऊ नका. मी सांगितलंय, मुलगी जेमतेम सहा महिने नांदली, पटलं नाही, परत आली. काही झालं नाही."

"काही झालं नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मूलबील काही नाही. नाहीये ना? मग झालं तर. कशाला उगीच उकरून काढायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी आईकडे बघितलं. आई पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवत होती. बाबा कामावर होते. मी काही बोलले नाही, कारण त्या काळात मी कशालाच काही बोलत नसे. ऑफिसात जायचं, दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची, घरी यायचं, पुढ्यात येईल ते खायचं. मला लग्न हवं होतं का? नको असं म्हणायला जो जोर लागतो तोसुद्धा माझ्यात उरला नव्हता. दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरला कुणी विचारत नाही, तसं चाललं होतं माझं.

त्याच आठवड्यात मी आंघोळ करून साडी नेसत असताना आई कपाटातून काहीतरी घ्यायला आत आली आणि माझ्या पोटाकडे बघत उभीच राहिली.

मी वर्णाने उजळ, त्यामुळे रेघा चांगल्या ठसठशीत दिसत. बेंबीच्या खालून दोन्ही बाजूंना, कमरेपर्यंत, जांभळट-तपकिरी रंगाच्या. पोटातलं वाढतं तेव्हा कातडी ताणते आणि मग उसवल्यासारखी दिसते, त्या रेघा. गरोदर असताना आई सारखी बजावायची, खाजवू नकोस, चरे पडतील. मी खाजवलं नव्हतं तरी ते पडले.

"अगो बाई," आई म्हणाली. "हे तर अजून तसंच आहे."

"मग ते काय आपोआप पुसलं जाणार आहे?"

"तो बिजवर आहे गो. लग्न झालेला माणूस. त्याला कळतं."

मला हसू आलं. एवढं सगळं जुळवलं, गाव बदललं, दारावर नवी पाटी लावली आणि पोटाचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आई मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. आधी कोरफड झाली. मग हळद-साय, मग बटाट्याचा रस. सोसायटीच्या वाचनालयातल्या मासिकात कुठेतरी तिला कोको बटरविषयी वाचायला मिळालं, आणि बुडत्याला काडीचा आधार. तिची मामेबहीण मस्कतला होती. पुढच्या सुट्टीत येताना तिने एक बरणी आणली.

बरणी पिवळ्या झाकणाची होती आणि तिच्यावर एका गोऱ्या बाईचं भलंमोठं पोट छापलेलं होतं. ती बाई स्वतःच्या पोटाकडे बघून खुदकन हसत होती. आईने बरणी हातात घेतली, चित्र बघितलं आणि पहिलं काम काय केलं, तर ती पदराखाली लपवली.

तेव्हापासून आमचा रोजचा परिपाठ सुरू झाला. मी ऑफिसातून आले, चहा झाला, की दिवेलागणीच्या आधी आई आतल्या खोलीचं दार लोटून घेई. मी चटईवर आडवी व्हायची. ती शेजारी मांडी घालून बसायची. बोटाच्या टोकावर कोको बटर घ्यायची, दोन्ही तळहातांत चोळून विरघळवायची, मग हात आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला लावून ऊब बघायची. जास्त गार नाही ना, जास्त गरम नाही ना. मग बेंबीभोवती गोल गोल, मग तिथून दोन्ही बाजूंना, आणि शेवटी एकदा गळ्यापासून थेट पावलापर्यंत हात फिरवायचा. हे सगळं तोंडाने काहीतरी पुटपुटत. तिचे हात नारळ खवून खवून खरखरीत झालेले. बांगड्या वाजायच्या.

"मनगटावर काय बघतेस? मी काय तान्ही आहे?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"गप पड गो."

"पावलांना कशाला लावतेस? पावलांवर कुठे आहेत रेघा?"

"हात कोरडा करायचा असतो."

मला ते अजिबात आवडत नसे. ऑफिसात दिवसभर मान मोडून आल्यावर कुणी आपल्या अंगाला हात लावू नये असं वाटायचं. शिवाय उन्हाळा होता. खाडीवरून येणारी ती दमट हवा, वर पंखा गरगरतोय पण वारा नाही, आणि पोटावर तो चिकट थर. परकराच्या नाडीला डाग पडले, ते निघाले नाहीत. आणि वास! कोकोचा, गोड, चॉकलेटचा. शेजारच्या टेबलावरची बाई एकदा म्हणाली, "काय गं, एकटी एकटी चॉकलेट खातेस? आमी काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, हो, खाते. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक घेऊन गेले.

थोडा वेळ झाला की मी म्हणायची, "पुरे आता." आई ऐकायची नाही. मी पुन्हा म्हणायची, "पुरे गं." मग ती उठायची. हे रोजचं.

एप्रिल सरता सरता बरणीतलं ते प्रकरण तेलासारखं पातळ व्हायला लागलं. फ्रिजमध्ये ठेवायला हवं होतं. पण फ्रिज उघडणार बाबा, पाणी प्यायला येणार शेजारीण, आणि बरणीवर ते हसरं पोट. म्हणून आईने सगळं एका स्टीलच्या डबीत काढलं, डबी फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे सारली आणि बरणी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. स्वतःच्या हुशारीवर ती खूश होती.

बाबांविषयी थोडं सांगते. बाबा कमी बोलणारे. पहाटे उठून उरणच्या बसला जायचे, संध्याकाळी परत यायचे. त्यांची एकच खोड आईला खुपायची. बसच्या रांगेत पहिला नंबर असला आणि आलेल्या बसमध्ये त्यांना हव्या त्या बाजूची खिडकी नसली, तर ते बस सोडून देत आणि पुढची पकडत. येतानाही तेच. आई म्हणायची, "पन्नाशी उलटली तरी खिडकी पाहिजे. शाळेची ट्रिप आहे काय?" बाबा हसायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. त्यांनी माझ्याशी त्या दवाखान्याविषयी कधी एक शब्द काढला नव्हता. मला वाटे त्यांना ते विसरायला जमलं असावं. त्याचा मला थोडा राग होता, थोडा हेवा होता.

एका रविवारी सकाळी आईने घावणे केले. बाबांना घावण्याबरोबर लोणी लागतं. आई तव्यापाशी होती, मी अंघोळीला जायच्या तयारीत होते. बाबांनी स्वतःच फ्रिज उघडला, पातेल्यामागे हात घातला, पिवळसर घट्ट काहीतरी बघून डबी काढली आणि घावण्यावर चांगलं सढळ हाताने लावलं.

"हे लोणी कसलं गो? वास चॉकलेटचा येतोय. आणि चवीला खवट."

आई हातात उलथनं घेऊन बाहेर धावली. "थुंका! थुंका ते आधी!"

बाबांनी गिळलं होतं. मी दारात उभी राहून पोट धरून हसले. किती महिन्यांनी अशी हसले असेन, माहीत नाही. आईसुद्धा हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा आम्हा दोघींकडे बघत पाण्याने खळखळून चुळा भरत होते.

"पण आहे काय ते?"

आईचं हसू आवरलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी न्हाणीत गेले आणि कडी लावली, पण नळ सोडला नाही. आमच्या घरात न्हाणीतून सगळं ऐकू येतं.

"तिच्या पोटाला लावायचं आहे."

"पोटाला काय झालं?"

आई हळू आवाजात बोलायला लागली. रेघा आहेत. जायला हव्यात. तिकडे काय सांगितलंय ते तिने सांगितलं. तव्यावर घावणा करपल्याचा वास आला.

"काही झालं नाही, असं सांगितलंय?" बाबांनी विचारलं.

"मग काय सांगायचं होतं? तुम्हीच सांगा."

मी बाहेर आले तेव्हा ते गॅलरीत पाठमोरे उभे होते. ताटात अर्धा घावणा तसाच होता. बाबा ताटात टाकत नाहीत, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं. पुढच्या शनिवारी त्यांना घरी यायला फार उशीर झाला. आईने विचारलं तर म्हणाले, बस चुकली. मुद्दाम बस सोडणाऱ्या माणसाची बस चुकली हे आईला पटलं नाही, पण तिच्या मागे त्या दिवसांत इतर बरीच कामं होती.

कारण रेघा फिकट होत होत्या. एका संध्याकाळी आईने खिडकीचा पडदा सारून उजेडात निरखून बघितलं आणि म्हणाली, "बघ! कमी झाल्या की नाही? बघ ना गो." तिचा चेहरा फुलला होता. मी मान उचलून बघितलं. खरंच, जांभळा रंग जाऊन त्या पांढुरक्या, चंदेरी झाल्या होत्या. काही तर तिरक्या उजेडातच दिसत होत्या. आता मला माहीत आहे की त्या तशाही फिकट होतातच, काही लावा न लावा. तेव्हा मात्र आम्हा दोघींना ती त्या डबीची करामत वाटली.

आणि मला रडू आलं. आईला वाटलं आनंदाने. तसं नव्हतं. माझ्याकडे त्या बाळाचं काही नव्हतं. नाव नाही, बारसं नाही, चेहरा नाही, फोटो नाही. दुपटीसुद्धा आईने कुणाला तरी देऊन टाकली होती. या रेघाच होत्या, आणि त्या मी रोज संध्याकाळी चटईवर पडून पुसून घेत होते. मला फार दुःख झालं आणि त्याहून जास्त थकवा आला. आईला काही सांगावं असं वाटलंच नाही. मी म्हटलं, "पुरे आता," आणि उठून भांडी घासायला घेतली.

मधेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगीच घोर नको. त्या रेघा गेल्या नाहीत. अजून आहेत. पुढे मला मुलगा झाला, त्याने त्यात आपली भर घातली. आता कुठल्या रेघा कुणाच्या हे मलाही सांगता येत नाही.

ठरल्याप्रमाणे एकदा मी आणि मावशीने सुचवलेले ते तुर्भ्याचे सुपरवायझर, आम्ही दोघांनी बाहेर भेटायचं होतं. दुसरेपणाच्या लग्नात एवढी सवलत असते. मावशी म्हणाली, "जास्त बोलत बसू नकोस. विचारेल तेवढंच सांग." ऑफिस सुटल्यावर कचेऱ्यांच्या मागच्या उडप्याच्या हॉटेलात आम्ही भेटलो. आजूबाजूला सगळे कारकून आणि वकील, इडली-वड्याच्या वाफा, प्लेटांचा आवाज. ते आधीच येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. केस कानांपाशी पिकलेले, शर्टाला कडक इस्त्री. दोन कॉफ्या मागवल्या. त्यांनी आपली कॉफी वाटीत ओतली, पेल्यात ओतली, पुन्हा वाटीत ओतली. माणूस घाबरलेला होता. ते बघून मला जरा बरं वाटलं.

"तुमचे वडील आले होते माझ्याकडे," ते म्हणाले. "शनिवारी. कंपनीच्या गेटवर उभे होते. तुम्हाला माहीत असेलच."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेला खाली ठेवला. "त्यांनी सांगितलं मला. बाळाचं."

मला वाटलं आता संपलं. खरं सांगते, वाईट वाटलं नाही. घरी जावं, सांगावं की मोडलं, आणि झोपून टाकावं, एवढंच मनात आलं.

"ते म्हणाले, मावशींनी सांगितलं ते खोटं आहे. मूल झालं होतं. मुलगी होती. डोक्यावर केस खूप होते. म्हणाले, मी माझ्या हातांनी तिला मातीत ठेवून आलोय, खाडीच्या कडेला. काही झालं नाही असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तुम्ही लग्न करा नाही तर नका करू."

मी टेबलाची कडा धरून बसले. "पुन्हा सांगा," मी म्हटलं.

"काय?"

"काय होतं म्हणाले?"

"मुलगी." ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी मान हलवली. ते फार ओशाळले. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. मला राग आला, तो त्यांचा नव्हे. माझ्या पोटची मुलगी, आणि तिच्या डोक्यावर केस होते हे मला इडलीच्या वासात, एका परक्या माणसाकडून कळावं, याचा राग आला. आणि त्याच वेळी आतून काहीतरी सैल झालं. मुलगी. केस खूप. दोन वर्षं मी ज्याला 'ते' म्हणत होते, त्याला डोकं आलं.

"अजून काय म्हणाले?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "अजून... हां. त्यांची बस त्या बाजूने जाते म्हणाले. रोज जाता-येता ती जागा दिसते, त्या बाजूची खिडकी मिळाली तर."

मग मात्र मला आवरेना. वेटर येऊन उभा राहिला, त्यांनी त्याला हातानेच जायला सांगितलं. खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. ते बरं केलं.

निघताना म्हणाले, "माझी काही हरकत नाही. एवढंच की आपल्यात खोटं नको. ती आजारी होती तेव्हा शेवटपर्यंत सगळे मला बरी होईल, बरी होईल म्हणत राहिले. मला तिचा निरोपसुद्धा घेता आला नाही." ती म्हणजे त्यांची बायको. मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. त्यांनी दिला. पावसाळा संपल्यावर आमचं लग्न झालं, पण ते नंतरचं.

मी घरी आले तेव्हा बाबा अजून यायचे होते. आईने दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

तिने देवासमोर साखर ठेवली. मावशीला फोन करायला बूथवर जायला निघाली, मग घड्याळाकडे बघून थांबली. दिवेलागण व्हायची होती. तिने फ्रिजमधून डबी काढली आणि आतल्या खोलीचं दार लोटलं. आता तर जोमाने लावायला हवं होतं.

मी चटईवर आडवी झाले. सांगावं की नको, याचा विचार करत होते. सांगितलं की रेघा घालवायचं कारण संपणार होतं. तिकडे सगळं माहीत होतं, लपवायला काही उरलं नव्हतं. आई हात चोळत होती. मनगटावर ऊब बघितली. बेंबीभोवती गोल गोल हात फिरायला लागला.

"आई," मी म्हटलं, "मुलगी होती ना?"

हात थांबला.

कुणी सांगितलं, कधी सांगितलं, असं तिने काही विचारलं नाही. खाली सोसायटीत पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा कल्ला तेवढा वर येत होता.

"त्यांना सगळं माहीत आहे. बाबांनी सांगितलंय जाऊन," मी म्हटलं. "आता हे लावायची गरज नाही."

आईने डबी आणखी जवळ ओढली. जणू ते तिने ऐकलंच नव्हतं.

"डोक्यावर केस होते ना खूप?" मी विचारलं.

"कपाळावरसुद्धा होते," ती म्हणाली. "कानांवर, पाठीवर. तू झालीस तेव्हा तुझे होते, तस्सेच. मी म्हटलं, असू देत. पिठाची गोळी फिरवली की जातील. तुझे मीच घालवले होते." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना असतो तसा. "पाट काढून ठेवला होता मी. तेलाची वाटी काढून ठेवली होती. घाण्यावरचं तेल, त्याला काही होत नाही, वर्षभर टिकतं. सगळं काढून ठेवलं होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "एकदाही तेल लावायला मिळालं नाही गो तिला."

तिने पुन्हा डबीत बोट बुडवलं. तळहातांत चोळून विरघळवलं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून ऊब बघितली. बेंबीभोवती गोल गोल, मग दोन्ही बाजूंना, मग गळ्यापासून थेट पावलापर्यंत. मी पडून राहिले. बाहेर बाबांच्या चपला वाजल्या, खोलीत अंधार पडला तरी दिवा कुणी लावला नाही, आणि त्या दिवशी मी तिला पुरे म्हटलं नाही.